नाव एका दिवसात पोचतं, माल सहा महिन्यांनी: सेलिब्रिटींचे एथिकल कपड्यांचे ब्रँड कुठे अडतात

प्रश्न असा आहे: एखादा गायक, अभिनेत्री किंवा खेळाडू स्वतःचं नाव आणि पैसा लावून "कामगाराला नीट मजुरी, पर्यावरणाला कमी त्रास" असं सांगणारा कपड्यांचा ब्रँड काढतो. प्रसिद्धी आयती, हेतू चांगला, ओळख जगभर. तरीही यातले कितीतरी ब्रँड काही वर्षांत गुंडाळले जातात किंवा लहानच राहतात. असं का होतं, आणि नव्याने काढायचा तर काय सांभाळायचं?

आधी थोडक्यात उत्तर. प्रसिद्ध नाव पहिली ऑर्डर मिळवून देतं. एथिकल पुरवठा मात्र उभा राहतो तो त्याच कारखान्याला, त्याच मालाच्या दिलेल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या ऑर्डरवर. नावामुळे मागणी उसळते आणि ओसरते. कारखाना, विणकर आणि शेतकरी यांना लागतं ते संथ, ठरलेलं, वर्षानुवर्षं चालणारं काम. बहुतेक अडचणींचं मूळ या दोन गतींच्या विसंगतीत आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच बाजूला करू. "मजुरी जास्त दिली म्हणून कपडा महाग, आणि महाग म्हणून ब्रँड बुडाला" हे सर्रास ऐकू येतं. हिशेब करून बघा. साध्या टी-शर्टच्या शिलाईला प्रमाणित वेळ (हात बसलेल्या कामगाराला पूर्ण वेगाने लागणारा) साधारण ६ मिनिटं धरतात. शिवणाऱ्यांची लाइन ५० टक्के कार्यक्षमतेने चालत असेल तर प्रत्यक्षात १२ मिनिटं लागतात. कटिंग, तपासणी, इस्त्री, पॅकिंग धरून २० मिनिटं म्हणू. मजुरी तासाला ६० सेंट असेल तर एका टी-शर्टमागे २० सेंट पडतात. ती दुप्पट केली की २० सेंट वाढतात. ब्रँड आणि दुकानदार यांनी आपापला पट लावला की दुकानातली किंमत मूळ खर्चाच्या पाचपट होते असं धरलं, तरी गिऱ्हाइकाला फरक पडतो एका डॉलरचा. मग दहा डॉलरचा टी-शर्ट पस्तीसला का विकावा लागतो? तो फरक मजुरीतून आलेला नसतो.

तो येतो छोट्या ऑर्डरमधून. हे नीट समजून घ्यायचं तर शर्टाच्या एका लाइनपाशी उभं राहावं लागेल. २० जणांची लाइन, आठ तासांची पाळी, म्हणजे दिवसाला ९,६०० मिनिटं. शर्टाला प्रमाणित वेळ २० मिनिटं. शंभर टक्के कार्यक्षमतेने ४८० शर्ट निघायला हवेत, पण तसं कुठेच होत नाही. नवी स्टाइल लाइनवर चढली की पहिल्या दिवशी मशीनची मांडणी बदलते, कॉलर बसवणारीचा हात अजून बसलेला नसतो, कफवाली पुढच्या पीसची वाट बघत थांबते. कार्यक्षमता २५ टक्के, शर्ट १२०. दुसऱ्या दिवशी ३५ टक्के, १६८. पाचव्या-सहाव्या दिवशी हात बसतो आणि ६० टक्क्यांवर २८८ शर्ट निघू लागतात. ऑर्डर ३,००० शर्टांची असेल तर सरासरी ५५ टक्क्यांच्या आसपास जाते आणि एका शर्टाला ३६ मिनिटं पडतात. ऑर्डर ३०० शर्टांची असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळीच संपते. सरासरी ३० टक्के, आणि एका शर्टाला ६७ मिनिटं. म्हणजे मजुरीचा दर तोच राहिला, शर्टामागची मजुरी जवळपास दुप्पट झाली, आणि त्यातला एक सेंटही शिवणारीच्या हातात पडला नाही. उलट तिथे पीसवर पैसे मिळत असतील तर त्या तीन दिवसांत तिची कमाई घटलेली असते. चांगल्या हेतूने दिलेली लहान ऑर्डर अशी तिच्याच मुळावर येते.

कापडाचंही तसंच. १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) कापडाच्या टी-शर्टला वाया जाणारं धरून साधारण १९५ ग्रॅम कापड लागतं. रंगवण्याचं मशीन ३०० किलोचं असेल तर एका रंगाच्या एका लॉटमधून दीड हजार टी-शर्ट निघतात. तुम्हाला त्या रंगाचे २०० हवे असतील तर गिरणी एकतर नाही म्हणते, नाहीतर अधिभार लावते, कारण पाणी, वाफ आणि वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. मग ब्रँड काय करतो? दीड हजारांचं कापड घेतो, २०० शिवतो, उरलेलं गोदामात पडून राहतं. पर्यावरणाचं नाव घेणाऱ्या ब्रँडच्या गोदामात न वापरलेल्या ऑरगॅनिक कापडाचे तागे साचतात ते असे.

आता यात सेलिब्रिटीचा संबंध कुठे येतो? सेलिब्रिटीचा ब्रँड सहसा फॅशन शोपासून, मासिकातल्या फोटोंपासून सुरू होतो. त्याला पहिल्याच हंगामात "कलेक्शन" दाखवायचं असतं, म्हणजे ५०-६० स्टाइली, प्रत्येकीचे दोन-तीन रंग. दहा टी-शर्टांच्या ब्रँडवर कोणी लेख लिहीत नाही. त्यामुळे ज्या गोष्टीने लेख छापून येतात, तीच गोष्ट कारखान्याचं कंबरडं मोडते.

ईडन या ब्रँडचं उदाहरण या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. गायक बोनो, त्याची पत्नी अली ह्यूसन आणि डिझायनर रोगन ग्रेगरी यांनी तो २००५ मध्ये सुरू केला. भूमिका स्पष्ट होती: आफ्रिकेला दान नको, व्यापार हवा. भूमिकेत चूक नव्हती, पण वेळ फार कठीण होती. कपड्यांच्या जागतिक व्यापारावरचे देशवार कोटे १ जानेवारी २००५ ला संपले. कोट्यांमुळे ज्या ऑर्डरी लेसोथोसारख्या देशांत जात होत्या त्या चीनकडे वळू लागल्या आणि तिथले कारखाने त्याच वर्षी बंद पडू लागले. नव्या ब्रँडला भक्कम कारखाना हवा होता आणि कारखान्यांनाच टिकायला मोठ्या, साध्या, सलग ऑर्डरी हव्या होत्या. ब्रँड मात्र उच्च फॅशनचा, विविध स्टाइलींचा. माल उशिरा पोचणं, दर्जात फरक, दुकानांनी हात आखडता घेणं हे सगळं ओघाने आलं. २००९ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाने ४९ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर फॅशनच्या मालाचं बरंच उत्पादन चीनमध्ये गेलं आणि "आफ्रिकेसाठी काढलेला ब्रँड चीनमध्ये शिवतो" अशी टीका झाली. २०१८ मध्ये एलव्हीएमएच बाहेर पडलं आणि ब्रँडचं अमेरिकेतलं कामकाज थांबलं.

यात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट चीनला जाण्याची आहे. ज्याने कधी डिलिव्हरीच्या तारखा सांभाळल्या आहेत त्याला तो निर्णय कळेल. झिप, बटण, अस्तर, कॉलर-कफला ताठपणा देणारं इंटरलायनिंग, सुती धागा हे सगळं तासाभराच्या अंतरावर मिळणं आणि प्रत्येक वस्तू समुद्रापलीकडून मागवणं यात दोन महिन्यांचा फरक पडतो. आफ्रिकेत कापूस पिकतो, पण सूतगिरण्या मोजक्या असल्याने बहुतेक रुई तशीच परदेशी जाते. शेत आणि शिलाई एकाच खंडात असली तरी मधली कडी गायब असते. अमेरिकेच्या २००० सालच्या आफ्रिकाविषयक व्यापार-सवलत कायद्यात यासाठीच अल्पविकसित देशांना बाहेरचं कापड वापरूनही शुल्कमुक्त निर्यात करता येईल अशी तरतूद होती. २०१२ मध्ये तिची मुदतवाढ ऑगस्टपर्यंत रखडली आणि तोवर खरेदीदारांनी ऑर्डरी कमी केल्या होत्या. तेव्हा एखाद्या देशात उत्पादन करण्याचं वचन जाहीर करण्याआधी एक तक्ता करा: कापड, धागा, बटण, लेबल, पिशवी, खोका यातलं काय तिथे मिळतं, काय येतं, किती दिवसांत येतं, आणि शुल्काची सवलत कुठल्या तारखेपर्यंत आहे. हा तक्ता रिकामा असेल तर वचन देऊ नका.

आता मागणीच्या उसळीकडे येऊ. हातमागाचा शर्ट घ्या. त्याला अडीच मीटर कापड लागतं आणि विणकर दिवसाला पाच मीटर विणतो असं धरू. मालकीणबाईंनी तो एका मुलाखतीत घातला आणि आठवड्यात ५,००० ऑर्डरी आल्या. लागणारं कापड १२,५०० मीटर, म्हणजे विणकराचे २,५०० दिवस. तुमच्याकडे ५० विणकर असतील तर विणायलाच ५० कामाचे दिवस गेले. सूत रंगवणं, ताणा भरणं, शिलाई, तपासणी, वाहतूक धरून चार महिने. तोवर मुलाखत कोणाला आठवत नाही, निम्म्या ऑर्डरी रद्द होतात आणि कापड अंगावर पडतं. किंवा त्याहून वाईट होतं: कोणीतरी घाबरून निम्मं काम यंत्रमागावर फिरवतो. इथियोपियात जन्मलेल्या मॉडेल लिया केबेडे यांनी २००७ मध्ये तिथल्या पारंपरिक विणकरांना काम मिळावं म्हणून लेमलेम सुरू केला. अभिनेत्री रोझारिओ डॉसन आणि अब्रिमा एरवाया यांनी २०१३ मध्ये स्टुडिओ १८९ काढला, त्याचं काम घानात चालतं. दोन्हींचा आवाका लहान, विणीची-रंगाची ओळख ठरलेली, आणि मालक स्वतः उत्पादनाशी जोडलेले. या क्षेत्रात टिकण्याचा मार्ग बहुधा असाच असतो, आणि तो कमी चमकदार दिसतो म्हणून फारसं कोणी निवडत नाही याचं वाईट वाटतं.

पण सगळ्यात जास्त ब्रँड मरतात ते रोख पैशापायी. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या न्याय्य व्यापाराच्या (फेअर ट्रेड) जागतिक संघटनेच्या तत्त्वांनुसार हस्तकलेच्या उत्पादकाने मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी लागते. हे योग्यच आहे, कारण कापड विकत घ्यायला छोट्या गटाकडे पैसा नसतो. आता ३,००० टी-शर्ट, आठ डॉलरचा एक, असे २४,००० डॉलर घ्या. ऑर्डरच्या दिवशी १२,००० गेले. चौथ्या महिन्यात माल निघताना उरलेले १२,०००. पाचव्या महिन्यात बंदरावर शुल्क. अमेरिकेत सुती टी-शर्टवरचं मूळ शुल्क १६.५ टक्के, म्हणजे ३,९६०, आणि वेळोवेळी लागणारे वाढीव कर वेगळे. सहाव्या महिन्यात माल दुकानात. दुकानदार ६० दिवसांनी पैसे देतो, म्हणजे आठवा महिना. तोवर जवळपास २८,००० डॉलर बाहेर, आत शून्य. आणि सहाव्या महिन्यातच पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम द्यायची असते. नेहमीचा मोठा ब्रँड माल निघाल्यावर ६० ते ९० दिवसांनी कारखान्याला पैसे देतो, म्हणजे त्याचा धंदा कारखान्याच्या भांडवलावर चालतो. एथिकल ब्रँडला तेच भांडवल स्वतः उभं करावं लागतं, आणि विक्री वाढली की ही गरजही वाढते. चांगल्या हंगामानंतर ब्रँड बंद पडलेले दिसतात ते यामुळे.

प्रसिद्ध नाव इथे मदत करेल असं वाटतं, पण इथेच घोडं पेंड खातं. गुंतवणूकदार नाव बघून पैसे देतात तेव्हा त्यांना वाढही नावाच्याच वेगाने हवी असते. ऑलबर्ड्स या लोकरीच्या बुटांच्या कंपनीत २०१८ मध्ये लिओनार्डो डिकॅप्रिओने पैसे गुंतवले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिचा शेअर १५ डॉलरने बाजारात आला. मग दुकानं वाढली, बुटांबरोबर कपडे आले, आणि मूळ गिऱ्हाइकाला हवा असलेला साधा बूट बाजूला पडला. २०२४ मध्ये शेअर एका डॉलरखाली गेला आणि सप्टेंबरमध्ये वीस शेअरचा एक करावा लागला. लोकर चांगली होती, बूटही आरामदायक होता.

सेलिब्रिटीने मोबदला न घेता दिलेली साथही पुरत नाही. पीपल ट्री हा फेअर ट्रेडमधला जुना आणि आदराने घेतला जाणारा ब्रँड. सफिया मिनी यांनी जपानमध्ये सुरू केलेलं काम पुढे ब्रिटनमध्ये आलं. २०१० मध्ये एमा वॉटसनने मोबदला न घेता त्यांच्यासाठी तरुणांचं कलेक्शन केलं. नाव घराघरांत पोचलं, पण २०२३ मध्ये ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली. एका चेहऱ्याने आणलेला गिऱ्हाईक पुढच्या हंगामात चेहरा नसताना परत येतो का, हे मोजायची सवय हवी. पहिल्या खरेदीनंतर १२ महिन्यांत पुन्हा किती जणांनी घेतलं हा एक आकडा दर महिन्याला बघा. तो चेहऱ्यामुळे आलेल्यांसाठी वेगळा आणि इतर वाटेने आलेल्यांसाठी वेगळा काढा.

चाहता आणि गिऱ्हाईक एक नसतात. सर्फिंगचा विश्वविजेता केली स्लेटर याने २०१५ मध्ये आउटरनोन काढला तेव्हा किमती पाहून त्याचेच चाहते नाराज झाले. चाहत्यांचं वय, खिसा आणि अंगकाठी यांचा तुमच्या कपड्याशी मेळ बसतो का, हे आधी तपासा. अंगकाठीचा मुद्दा किरकोळ वाटतो पण फार महागात पडतो. नमुना बहुतेकदा सेलिब्रिटीच्या अंगावर बसवला जातो आणि तिथूनच बाकीची मापं काढली जातात. उंच, सडपातळ शरीरावर छान बसलेला पॅटर्न प्रत्येक मापाला छातीत पाच सेंटिमीटर वाढवत नेला की मोठ्या मापात बाही खांद्याखाली उतरते आणि गळा उघडा पडतो. ऑनलाइन परत येणाऱ्या मालात मोठा वाटा न बसलेल्या कपड्यांचा असतो. उपाय साधा आहे: मधल्या मापावर नमुना पक्का करा, मग सगळ्यात लहान, मधलं आणि सगळ्यात मोठं अशी तीन मापं खऱ्या माणसांच्या अंगावर घालून बघा, आणि तीन धुलाईंनंतर पुन्हा बघा. ऑरगॅनिक जर्सी (टी-शर्टचं कापड) नीट कॉम्पॅक्ट केली, म्हणजे आधीच दाबून आटवली, नसेल तर कपडा आटतो आणि बाजूची शिवण फिरून पोटावर येते. आटण्याची आणि शिवण फिरण्याची मर्यादा पाच टक्के लिहून घ्या.

दुसरी मोठी अडचण म्हणजे उजेड. अनोळखी ब्रँडच्या कारखान्यात पत्रकार जात नाही. प्रसिद्ध नावाच्या जातो. १९९६ मध्ये टीव्ही निवेदिका कॅथी ली गिफर्ड यांच्या नावाचे कपडे होंडुरासमध्ये अल्पवयीन मुली शिवतात हे उघड झालं. त्या गदारोळातूनच अमेरिकेत ब्रँड, संघटना आणि सरकार एकत्र बसले आणि पुढे १९९९ मध्ये कारखान्यांतल्या कामाच्या परिस्थितीवर लक्ष ठेवणारी फेअर लेबर असोसिएशन आली. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये राजकारणी आणि अभिनेत्यांनी घातलेल्या ४५ पौंडांच्या स्त्रीवादी टी-शर्टवर मॉरिशसमधल्या मजुरीवरून आरोप झाले. संबंधित संस्थेने कागदपत्रं तपासून ते फेटाळले, पण तोवर बातमी जगभर गेली होती. २०१९ मध्ये स्पाइस गर्ल्सचा स्त्री-पुरुष समतेसाठी निधी उभारणारा टी-शर्ट बांगलादेशात तासाला ३५ पेन्सवर शिवला जातो असं छापून आलं. या प्रकरणात उत्पादन करून घेणाऱ्या कंपनीने कारखाना परस्पर बदलला होता. गायिकांना आणि धर्मादाय संस्थेला ते माहीत नव्हतं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण गैरप्रकार बहुतेक वेळा असाच, परस्पर काम दुसरीकडे दिल्याने होतो. त्याचं कारणही बरेचदा ब्रँडच असतो: रंग उशिरा मंजूर केला, तारीख मात्र बदलली नाही. मग कारखानदार अर्धं काम शेजारच्या शेडमध्ये पाठवतो. पकडायचं कसं? कारखान्याची क्षमता आधी काढा. वरच्याच लाइनला ६० टक्क्यांवर दिवसाला २८८ शर्ट निघतात. दोन लाइन, २० दिवस म्हणजे साधारण ११,५००. त्याला तुमचे ६,००० आणि दुसऱ्याचे १०,००० एकाच महिन्यात दिलेले असतील तर साडेचार हजार शर्ट कुठेतरी दुसरीकडे शिवले जाणार, हे गणितच सांगतं. उत्पादनाच्या मधल्या आठवड्यात न सांगता जा. कटिंगच्या नोंदीतले पीस, लाइनवर चढलेले पीस आणि पॅकिंगला आलेले पीस जुळवा. कापलेले बंडल आहेत पण लाइनवर नाहीत, तर ते गेटबाहेर गेलेत. करारात लिहा की जागा बदलायची तर आधी लेखी परवानगी हवी, आणि त्याबरोबर हेही लिहा की ब्रँडने मंजुरीला जितके दिवस उशीर केला तितके दिवस डिलिव्हरीची तारीख आपोआप पुढे जाईल. दुसरं कलम नसेल तर पहिलं निरर्थक आहे.

ऑडिटच्या कागदावर विसंबू नका. कराचीतल्या अली एंटरप्रायझेसला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारांचे हक्क आणि सुरक्षितता यांचं एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं आणि ११ सप्टेंबरला तिथल्या आगीत अडीचशेहून अधिक माणसं गेली. तपासणीच्या दिवशी दारं उघडी असतात. रात्रपाळीत कुलूप आहे का, जिन्यावर तागे रचलेत का, हे विचारायला कामगार भेटावे लागतात, तेही कारखान्याबाहेर आणि मालकाच्या माणसाशिवाय.

ऑरगॅनिकच्या दाव्याचंही वजनाने मोजमाप करता येतं. जीओटीएस या मानकात "ऑरगॅनिक" म्हणायला ९५ टक्के आणि "ऑरगॅनिक वापरून बनवलेलं" म्हणायला ७० टक्के प्रमाणित ऑरगॅनिक तंतू लागतो. प्रत्येक टप्प्यावर माल विकताना व्यवहार-प्रमाणपत्र निघतं आणि त्यावर वजन असतं. ३,००० टी-शर्ट, एकेक १६० ग्रॅमचा, म्हणजे ४८० किलो. कटिंगची कातरण धरून कापड साधारण ५८५ किलो, विणणं-रंगवणं यातली घट धरून सूत साधारण ६३० किलो. सुताच्या प्रमाणपत्रावर ४०० किलोच असेल तर बाकीचा कापूस कुठला, हे विचारा. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे, पण फार थोडे करतात. २०२० मध्ये जीओटीएसनेच भारतात बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांवर सुमारे २०,००० टन कापूस ऑरगॅनिक म्हणून विकला गेल्याचं जाहीर केलं. प्रमाणपत्र खरं आहे का हे देणाऱ्या संस्थेकडे थेट विचारून घ्या, पुरवठादाराने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

दाव्यांची भाषाही आता कायद्याच्या चौकटीत आली आहे. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२१ मध्ये पर्यावरणविषयक दाव्यांची संहिता काढली आणि जुलै २०२२ मध्ये तीन फॅशन कंपन्यांची चौकशी सुरू केली. त्यातल्या बूहूने त्याच सप्टेंबरमध्ये कोर्टनी कार्दाशियनला शाश्वततेची दूत नेमून ४५ कपड्यांचं कलेक्शन आणलं तेव्हा टीकेची झोड उठली. मार्च २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी दावे नेमके करण्याची लेखी हमी दिली. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून पुरावा नसलेले "इको-फ्रेंडली", "ग्रीन" असे मोघम शब्द वापरायला बंदी आहे. तेव्हा लेबलवर नेमकं तेवढंच लिहा: "कापड १०० टक्के प्रमाणित ऑरगॅनिक कापूस, शिलाई अमुक शहरात". अडचण अशी की लेबल तुमच्या हातात असतं, मुलाखत नसते. सेलिब्रिटी मंचावर "पूर्णपणे निर्दोष ब्रँड" म्हणून मोकळा होतो. त्याच्यासाठी एक पान तयार ठेवा, कुठली पाच वाक्यं म्हणता येतील आणि कुठली म्हणायची नाहीत याचं, आणि दर हंगामाला ते बदला.

सेलिब्रिटीशी होणारा करार बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून लिहिला जातो. नावाच्या वापराबद्दल घाऊक विक्रीवर साधारण ५ ते १० टक्के रॉयल्टी आणि वर किमान हमी रक्कम, हा नेहमीचा साचा. एथिकल ब्रँडमध्ये नफ्याचा पदर आधीच बारीक असतो. हमी रक्कम पहिल्या मंदीत कामगारांच्या बोनसवर येते. त्यापेक्षा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारा कंपनीतला हिस्सा द्या, रोख हमी टाळा. वर्षाला किती दिवस देणार, त्यातले किती कारखान्यात, हे आकड्यात लिहा. त्याच काळात ज्यांचा पुरवठा तपासता येत नाही अशा कपड्यांच्या जाहिराती करायच्या नाहीत, हे कलम नसेल तर सही करू नका. आणि घोषणेची तारीख माल गोदामात आल्यावरच ठरेल हेही लिहा. एवढ्या एका वाक्याने अर्ध्या अडचणी टळतात.

सुरुवात कशी करायची? पाच स्टाइली, दोन किंवा तीन रंग, दोन कारखाने, एक धागा. सगळ्या टी-शर्टना आणि ड्रेसना तेच १८० जीएसएमचं कापड वापरलं की रंगाचा लॉट भरतो. पहिली ऑर्डर प्रत्येक रंगाची १,५०० पीसची, आणि तीच स्टाइल निदान चार हंगाम चालू ठेवण्याचं लेखी आश्वासन. कारखान्याला वर्षाचा अंदाज द्या, पण त्यातल्या ६० टक्के क्षमतेचे पैसे देण्याची हमीही द्या. नुसता अंदाज कोणाच्या कामाचा नाही. सूत आधी घेऊन न रंगवता ठेवा, म्हणजे मागणी उसळली तर २० ऐवजी ९-१० आठवड्यांत माल निघेल. ३,००० पीसच्या लॉटमध्ये एक्यूएल २.५ (किती दोष चालतील याची ठरलेली पातळी) प्रमाणे १२५ पीस तपासतात. सात दोषी असतील तर लॉट पास, आठ असतील तर परत. ही तपासणी खोके बंद झाल्यावर करू नका, ८० टक्के पॅक झाल्यावर करा, म्हणजे दुरुस्तीला लाइन अजून मोकळी असते. आणि बँकेत नेहमी पुढच्या एका पूर्ण हंगामाची आगाऊ रक्कम बाजूला. ती नसेल तर नवी स्टाइल काढायची नाही.

ब्रँड थांबवायची वेळ आली तर तेही नीट करता येतं, आणि फार थोडे करतात. कारखान्याला दोन हंगाम आधी लेखी कळवा. तुमच्या नावाने रंगवलेलं कापड आणि छापलेली लेबलं यांचे पैसे चुकते करा, कारण तो माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. शेवटची ऑर्डर पहिल्या ऑर्डरपेक्षा लहान नको, कारण त्या लाइनवरच्या बायकांना दुसरं काम लागेपर्यंत तेवढे आठवडे हातात असावे लागतात. आणि लेबलं कापून उरलेला माल घाऊकवाल्याला देण्याआधी कारखान्याला विचारा. त्यांच्याकडे बहुधा तो घेणारा माणूस आधीच असतो.